दहाचा पाना

"तो लाल कसला पेटलाय?" दादानं विचारलं.

"काही नाही. पेटतो आणि जातो," मी म्हटलं.

वाढे फाट्यावरून आम्ही नुकतेच हायवेला लागलो होतो. स्टिअरिंग मी इतकं आवळून धरलं होतं की बोटांना रग लागली होती. समोर डॅशबोर्डवर दिव्यांची जत्रा भरली होती. गोलात इंग्रजी अक्षरं असलेला पिवळा, तो ब्रेकचा. पोटापुढं फुगा घेऊन बसलेल्या माणसाचा, तो एअरबॅगचा. चाकाशेजारी उद्गारचिन्ह असलेला, तो स्टिअरिंगचा. हे तिघे रविवारपासून घरचेच झाले होते. चौथा, बॅटरीच्या चित्राचा लाल, मात्र आज पहिल्यांदाच डोळे मिचकावत होता. ज्या व्हिडिओवर भरवसा ठेवून मी सगळा उद्योग केला होता, त्यातला माणूस शेवटी म्हणाला होता, पिवळा दिसला तर चालवत राहा, लाल दिसला तर थांबा.

थांबणं शक्यच नव्हतं. सकाळी नऊला पुण्याच्या हॉस्पिटलमधून फोन आला होता. बोलणाऱ्या मॅडमचा आवाज शांत होता आणि त्यांनी प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलं. एक किडनी मिळते आहे. अनंत बर्गे यांचा यादीत पहिला नंबर आहे. काहीही खाऊ नका, एकच्या आत पोचा. दुसऱ्या पेशंटलाही आम्ही बोलावून ठेवतो. तुम्ही आला नाहीत किंवा रक्त जुळलं नाही, तर ती त्यांना जाईल.

अनंत म्हणजे माझा दादा. त्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं तेव्हा हे दुखणं निघालं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिस, मोजून पाणी, आणि आईचं पाण्याच्या तांब्यावर लक्ष. आईची किडनी चालण्यासारखी नव्हती, माझं रक्त जुळत नव्हतं. फोन आला तेव्हा आईनं आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग एकदम खाली बसून म्हणाली, "कुणाचं तरी लेकरू गेलं असंल गं आज."

भाड्याची गाडी मिळेना. मे महिना, लग्नाची दाट तिथ, कोरेगावातली यच्चयावत वाहनं वऱ्हाडं वाहण्यात गुंतलेली. उरली आमची जुनी गाडी, जिची बॅटरी मी तीनच दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं बदलली होती.

स्वतःच्या हातानं का, तर दुकानदाराचा बसवणारा माणूसही लग्नालाच गेला होता. मी विम्याची एजंट. लोकांचा चहा पीत त्यांना काय काय वाईट होऊ शकतं ते समजावून सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळं गाडी बंद ठेवून बसणं मला जमेना, दादाला मध्येच काही झालं तर काय, हे चित्र सारखं डोळ्यांपुढं यायला लागलं. व्हिडिओ पाहिला, आधी वजाची वायर, मग अधिकची, एवढं पाठ केलं. पाना नव्हता म्हणून पकडीनं नट फिरवले. नवी बॅटरी खाचेत ठेवून मी वायर उचलणार तेवढ्यात आई ताम्हन घेऊन आली.

"नवी वस्तू हाय. तशीच जोडतात व्हय?"

तिनं बॅटरीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दोन्ही टोकांना ओल्या हळदकुंकवाची बोटं लावली, वर फूल वाहिलं आणि ओवाळलं. मग मी वायरी जोडल्या. अधिकच्या वायरीचा नट आवळताना पकड निसटली, ठिणगी उडाली, आणि मी घाबरून तो होता तेवढ्यावर सोडला. गाडी सुरू झाली. दिवे पेटले ते पेटलेच राहिले. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं, मग थोडं चालवा, असं व्हिडिओवाला सांगत होता. मी बाजार मैदानावर चकरा मारून आले. दिवे गेले, दुसऱ्या दिवशी परत आले. बघू नंतर, म्हणून मी विषय सोडून दिला.

आणि आता हा लाल.

"जयू, एसी बंद कर," दादा म्हणाला.

"तुला उकडेल."

"उकडू दे. गाडी जड चाललीय."

मी एसी बंद केला. लाल दिवा गेला. मी सुस्कारा सोडला तोच तो पुन्हा आला, या वेळी न मिचकावता. काच खाली घेतली तर ती रडतखडत उतरली आणि मधेच अडकली. आत भट्टीसारखी हवा यायला लागली. मागं आई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, मांडीवर रिपोर्टांची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

"आई, जप मनात कर," मी म्हटलं.

"मनातच करतीय."

"ऐकू येतंय."

दादा हसला. त्याच्या हसण्यानं मला आणखीच धडकी भरली. दादा घाबरला की हसतो, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांग लागली होती. ट्रक, लक्झरी, वऱ्हाडाच्या दोन बस. गाडी उभी राहिली की इंजिन आचके द्यायचं, मी पाय हलकेच दाबून त्याला जागं ठेवायची. आमच्यापुढं चारपाचच गाड्या असताना पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, मीही मारला, इंजिननं एक मोठा आचका दिला आणि सगळं गप्प झालं.

किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक नाही की काही नाही. ज्या दिव्यांना मी सकाळपासून शिव्या देत होते ते सगळे एकदम विझले होते, आणि त्यातला एक तरी पेटावा असं मला वाटत होतं.

मागून हॉर्नांचा गिल्ला सुरू झाला. टोलवरची दोन माणसं आली आणि त्यांनी आमची गाडी ढकलत कडेच्या उसाच्या रसाच्या टपरीजवळ नेऊन लावली. मी पुढचं झाकण उघडलं आणि आत बघत उभी राहिले. नुसतं बघत. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मॅडमचा शांत आवाज, "ती त्यांना जाईल."

दादा उतरून माझ्याशेजारी आला.

"जयू, मागच्या खेपेला मी दुसरा होतो, आठवतंय?"

न आठवायला काय झालं. दोन वर्षांपूर्वी असाच फोन आला होता, पण दुसऱ्या नंबरचा. दिवसभर उपाशी बसून संध्याकाळी परत आलो होतो. पहिला पेशंट वेळेत आला होता आणि त्याचं जुळलं होतं.

"त्या दिवशी बाकावर बसून मी काय मागत होतो सांगू? पहिल्याची गाडी वाटेत बंद पडू दे, असं मागत होतो. जीव नको जायला त्याचा, फक्त गाडी बंद पडू दे." तो हसला. "देवानं ऐकलं, पण पत्ता चुकला त्याचा."

"गप बस," मागून आई म्हणाली. "आजच्या दिवशी असलं बोलू नगंस."

मी बॅटरीला हात लावला. वजाचं टोक गार होतं. अधिकच्या टोकावर वायरीचं जे कडं बसतं, ते मात्र चटका बसण्याइतकं तापलेलं होतं. मी ते जरा हलवलं तर ते चक्क फिरलं. आत गाडीत काहीतरी टिकटिकलं आणि बंद झालं. बिघाड तिथंच होता. ते टोक सोडवून घासून घट्ट करायला दहा नंबरचा पाना हवा होता, आणि आमच्या गाडीत होता तो चाकाचा पाना. पकड घरी खिडकीत.

टपरीवाल्याकडं पाना नव्हता. टोलवरच्या माणसांकडं नव्हता. दोन ट्रकवाल्यांना हात केला, ते थांबले नाहीत. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं, पण टपरीतल्या रेडिओवर साडेअकराच्या बातम्या लागल्या आणि त्या ऐकाव्याच लागल्या.

तेव्हा ती जीप आली. टोल ओलांडून पुढं गेली होती, ती कडेकडेनं मागं आली. चालवणारा पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी, त्या रणरणत्या उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाच्या गुंड्यासुद्धा लावलेल्या. शेजारी त्याची बायको.

"काय झालं, ताई?"

"बंद पडलीय."

"कुठनं आला?"

"कोरेगाव. पुण्याला निघालोय."

"आमी उंब्रजचं. पुण्यालाच निघालोय. थोरात." तो उतरला तेव्हा त्याला जरा धाप लागल्यासारखी वाटली. त्याच्या बायकोनं बाटली पुढं केली, आई आणि मी पाणी प्यायलो. दादानं नुसती चूळ भरली. थोरातांनीही नुसती चूळ भरली. एरवी हे माझ्या नजरेतून सुटलं नसतं.

"पेशंट हाय व्हय?" काकूंनी दादाकडं बघत आईला विचारलं.

आई सकाळपासून कोंडलेलीच होती. तिनं सगळं सांगून टाकलं. "माझा ल्योक. किडनी मिळतीय त्याला आज, पुण्यात. पयला नंबर लागलाय. एकच्या आत न्हाई पोचलो तर दुसऱ्याला देणारेत."

परक्या माणसांना काय सांगायचं ते कळत नाही आईला, असं मला वाटलं. काकूंनी नवऱ्याकडं बघितलं. तो दादाच्या डाव्या हाताकडं बघत होता. डायलिसिसच्या सुयांनी तिथल्या शिरा मनगटापासून कोपरापर्यंत फुगून वर आल्या होत्या. लोक बघतात तशा हाताकडं, त्यात मला नवल वाटलं नाही.

"रक्त कंच्या गटाचं?" त्यानं विचारलं.

"ओ पॉझिटिव्ह," दादा म्हणाला.

थोरातांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय पायजेल तुमाला?"

"दहाचा पाना. असला तर."

"हाय की. अगं, हत्यारांची पिशवी काढ."

काकू जीपकडं गेल्या. आम्ही वाट बघत राहिलो. त्या आत वाकल्या, बराच वेळ तशाच राहिल्या, मग परत आल्या.

"सापडंना."

"शिटाखाली असंल."

"न्हाई तितं. बगितलं की."

काय वेंधळी बाई आहे, असं माझ्या मनात आलं. मला राग आला होता आणि तो लपवायचं भानही उरलं नव्हतं. "नसेल तर राहू द्या, मी दुसरीकडं बघते," मी म्हटलं.

"थांबा," थोरात म्हणाले. ते हळूहळू जीपपर्यंत चालत गेले. काकू त्यांच्यामागं गेल्या आणि दाराला हात लावून वाटेत उभ्या राहिल्या. थोरात त्यांना काहीतरी म्हणाले. एकच वाक्य असेल. त्यांनी हात काढला. थोरात वाकले आणि खाकी पिशवी घेऊन परत आले.

"घ्या," म्हणाले. "आणि न्हाईच झाली सुरू, तर पेशंटला माझ्या जीपमदनं घालवू. घाबरू नगा."

आधी वजा, मग अधिक. पाना नटावर असा चपखल बसला की मला तिथंच रडू येईल असं वाटलं. अधिकचं कडं उचललं. खाली टोकावर हळदकुंकवाचा थर वाळून, भाजून, काळपट लाल पापुद्र्यासारखा बसला होता. कड्याच्या आतल्या बाजूलाही तेच.

आई बघत होती. मी वर बघितलं नाही.

"म्या नुसतं बोट लावलं हुतं गं," ती म्हणाली.

मी काहीतरी लागेल असं बोलणार होते. माझ्या जिभेवर आलंही होतं.

"कुंकवाचा काय दोष न्हाई, आज्जी," थोरात म्हणाले. "नट ढिला ऱ्हायला हुता. घट्ट असता तर कुंकू बाजूला सरलं असतं." आणि त्यांनी खिशातला चाकू उघडून माझ्या हातात दिला. मी खरवडलं. लाल भुगा खाली पडत राहिला. शिशाचं टोक चकाकायला लागलं तसं कडं चढवलं आणि आवळलं, हाताला कळ येईपर्यंत आवळलं.

किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. आई हात जोडून कुणाच्या तरी दिशेनं वाकली, बहुतेक बॅटरीच्या. मी मात्र समोर बघून गारठले. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, सगळे पुन्हा पेटून बसले होते.

"दिवे तसेच आहेत," मी म्हटलं.

"लाल गेला का?" त्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं.

"लाल गेला."

"मग झालं. वायर काढली का गाडीला सगळं परत आठवावं लागतंय. जातील हळूहळू. तुमी निघा, मी मागं येतो. काय वाटलं तर हात भायेर काढा."

मी पाना परत द्यायला गेले. "राहू द्या तुमच्यापाशी पुण्यापतोर," ते म्हणाले. काकू जीपमध्ये बसल्या होत्या, तोंड पलीकडं करून.

खंबाटकीच्या बोगद्याची मला सकाळपासून धास्ती होती. आत दिवे लावावेच लागतात, आणि दिव्यांचा भार पडला की लाल पुन्हा येणार, अंधारात इंजिन बंद पडणार, मागून ट्रक येणार, हे सगळं माझं मनात तीनतीनदा पाहून झालं होतं. दिवे लावले. बोगदा सुरू झाला. मी रस्ता कमी आणि काटे जास्त बघत होते.

"समोर बघ, जयू," दादा म्हणाला. "दिव्यांकडं मी बघतो. लाल नाही आला. नाही. अजून नाही."

बाहेर उजेडात आलो तेव्हा माझ्या पाठीला घामानं ओढणी चिकटली होती. आरशात बघितलं, जीप मागं होती. पुढच्या वळणावर स्टिअरिंगचा दिवा गेला. शिरवळच्या आधी ब्रेकचा गेला. दादा एखाद्या पंचासारखा एकेक विकेट जाहीर करत होता. प्रत्येक वेळी मी आरशात बघायची आणि जीप असायची, ना जवळ ना लांब. एकदा दोन ट्रक मधे घुसले आणि ती दिसेनाशी झाली, तर मला कसंसंच झालं. थोड्या वेळानं पुन्हा दिसली. कोण कुठला माणूस, पण तो मागं आहे म्हणून मी गाडी चालवू शकत होते. कात्रजच्या उतारावर गर्दी लागली आणि जीप मागं राहिली, ती मग दिसलीच नाही.

एक वाजायला थोडा अवकाश असताना आम्ही पोचलो. दादाचं रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, आणि आम्हाला वरच्या मजल्यावर बसायला सांगितलं. तपासणीला चारपाच तास लागणार होते. फोनवरच्या मॅडम आल्या. प्रत्यक्षात त्या माझ्यापेक्षा लहान होत्या.

"पहिले अनंत बर्गे, आले. आणि दुसरे हिंदुराव थोरात. थोरात आलेत का?"

"आलोय," माझ्यामागून आवाज आला.

मी वळले. टोपी हातात होती. नर्सनं सांगितलं म्हणून त्यांनी डाव्या बाहीची गुंडी काढली आणि बाही वर सारली. दादाच्या हातासारखाच हात. मनगटापासून कोपरापर्यंत.

मला काय वाटलं ते सांगता येण्यासारखं नाही. पहिल्यांदा वाटली ती भीती. हा माणूस आता काय मागेल, अशी सरळ भीती. मग मला त्या जीपच्या दारात उभ्या राहिलेल्या काकू आठवल्या, आणि मी त्यांना मनातल्या मनात वेंधळी म्हटलं होतं तेही आठवलं. आईनं माझा हात घट्ट पकडला होता. "मी सांगितलं गं त्यास्नी," ती कुजबुजली. "माझ्या तोंडानं सांगितलं."

ती दुपार सरता सरेना. समोरासमोर दोन बाकं. एका बाजूला आम्ही, एका बाजूला ते. दादा मधेच उठला आणि थोरातांच्या शेजारी जाऊन बसला. मला उठवेना, पण कान तिकडंच होते.

"किती वर्षं झाली?"

"चार. तुमाला?"

"सात. कुठं करता?"

"कराडला." थोरातांनी टोपी मांडीवर ठेवली. "पयल्यांदाच आलाय का फोन?"

"दुसऱ्यांदा. मागच्या वेळी मी दुसरा होतो."

"मग?"

"पहिला वेळेत आला."

थोरात हसले. आवाज न करता, खांदे हलवत हसले, आणि दादाही हसायला लागला. ते दोघं तसे हसताना बघून काकू उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आई त्यांच्यामागं गेली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकूंनी तो झटकला नाही, पण वळूनही बघितलं नाही.

मी देवाला काय मागत होते ते मला ठाऊक होतं. रक्त जुळू दे. तेच वाक्य समोरच्या बाजूनं मागायचं तर ते जुळू नये असं होत होतं, आणि खिडकीपाशी उभी असलेली बाई तेच मागत असणार याबद्दल मला शंका नव्हती. मला तिचा राग आला नाही. माझं मागणंही मी सोडलं नाही.

सहा वाजता मॅडम आल्या. दादाचं रक्त जुळलं होतं. त्या थोरातांपुढं जरा वाकून म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या आता. यादीत नाव आहेच." मग नर्सनं दादाला आत नेलं. दारातून वळून त्यानं माझ्याकडं बघत थोरातांच्या दिशेनं मान केली. जा, म्हणत होता.

मी खाली गेले. जीप आमच्या गाडीपासून लांब नव्हती. मागच्या फळीवर डबा उघडला होता. थोरात भाकरी कुस्करून खात होते, सकाळपासूनचा उपाशी माणूस खातो तसं, खाली मान घालून. काकू हातात झाकण धरून उभ्या होत्या.

मी पाना पुढं केला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

"तुम्हाला तिथंच कळलं होतं ना? टोलवर?"

"आज्जींनी सांगितलं तवाच कळलं," ते म्हणाले. "आमाला दुसरा नंबर म्हनून फोन. गट बी त्योच. एकच्या आत यायचं ते बी त्येच."

"मग?"

त्यांनी घास गिळला. "मग काय? पाना हुता की जीपमदी."

काकू झाकणाकडं बघत होत्या.

"मला न्हवता द्यायचा," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, पोरी. पिशवी सापडली हुती. मी पायानं आत सारली."

"अगं," थोरात म्हणाले.

"सांगू द्या की. आत सारली आन् म्हनलं न्हाई म्हनून. ह्येंनी येऊन सांगितलं, उद्या आपली बंद पडंल." त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते आणि लालबुंद. "तुजा भाऊ बरा होऊ दे. पर मी मनापासनं म्हनतीय का न्हाई, ते मला बी ठावं न्हाई."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला मधेच धरलं. जोरात धरलं. मग दोघी रडलो. थोरात जेवत राहिले.

निघताना त्यांनी जीपमधून डोकं बाहेर काढलं. "दिवं गेलं का सगळं?"

"एअरबॅगचा राहिलाय."

"राहू दे. गाडी चालतीय न्हवं." आणि पाना परत माझ्या हातात ठेवला. "ह्यो असू द्या. माझ्याकडं अजून एक हाय."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. एअरबॅगचा तो दिवा पुढं गॅरेजवाल्यानं बघितला. सीटखालची एक वायर सैल झाली होती, बॅटरीचा त्याच्याशी संबंधच नव्हता. आई अजूनही नव्या वस्तूला हळदकुंकू लावते, फक्त आधी विचारते, "हितं लावलं तर चालंल का?"

त्या दिवसानंतर दीड वर्षानं, थंडीतल्या एका सकाळी काकूंचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. "पयला," एवढंच म्हणाल्या. मग, "निघतोय आमी आता."

"आम्ही वाढे फाट्यावर थांबतो. तिथून मागं येतो," मी म्हटलं आणि किल्ली शोधायला लागले. ती नेहमीच्या खुंटीवर नव्हती. बाहेर येऊन बघितलं तर दादा आधीच गाडीत बसला होता. गाडी सुरू होती, आणि दहाचा पाना त्याच्या मांडीवर होता.